‘ब्लू मंडे’ : तोट्याच्या दंतकथेमागचा हिशेब

लाखोंनी खपलेली आणि तरीही विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे कंपनीला तोटा देणारी तबकडी! ‘न्यू ऑर्डर’ या मँचेस्टरच्या बँडच्या ‘ब्लू मंडे’ या सिंगलविषयी गेली चाळीस वर्षे हेच सांगितले जाते. कोणी तोटा ५ पेन्सचा म्हणते, कोणी १० पेन्सचा. ऐकणारा हसतो, कलावंतांच्या बेफिकिरीचे कौतुक करतो आणि पुढे जातो. या धाग्याचे म्हणणे असे की, ही कथा फार सोयीची आहे. कोणाच्या सोयीची, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८ मे १९८० रोजी ‘जॉय डिव्हिजन’चा गायक इयन कर्टिस याने आत्महत्या केली. तो अवघा २३ वर्षांचा होता. उरलेल्या तिघांनी, म्हणजे बर्नार्ड सम्नर, पीटर हुक आणि स्टीफन मॉरिस यांनी, ‘न्यू ऑर्डर’ हे नवे नाव घेतले. थोड्याच दिवसांत जिलियन गिल्बर्ट त्यांना येऊन मिळाली. पहिला अल्बम आला, पण त्यावर कर्टिसची सावली होती. बँडला स्वतःचा असा आवाज अजून सापडायचा होता.

तो सापडला नृत्यगृहांत आणि यंत्रांत. डोना समर, सिल्व्हेस्टर, इटलीतले ‘क्लाइन अँड एमबीओ’ यांच्या डिस्को तबकड्या ही मंडळी कान देऊन ऐकत होती. हुकने आपल्या बास गिटारच्या धुनेचे ऋण एन्यो मोरिकोनेने काउबॉयपटांना दिलेल्या संगीताला दिले आहे. गिटारवाल्या बँडने डिस्कोकडे वळणे हे त्या काळच्या रॉक रसिकांच्या दृष्टीने जवळजवळ धर्मांतरच होते.

गाण्यामागचा मूळ हेतू मात्र गमतीचा होता. कार्यक्रम संपल्यावर पुन्हा मंचावर येणे या बँडला आवडत नसे आणि श्रोते त्यावर चिडत. तेव्हा एक बटण दाबावे, यंत्राने गाणे वाजवावे आणि आपण घरी जावे, अशी ही योजना होती. आळसातून सुचलेल्या या कल्पनेने पुढे किती कष्ट करायला लावले, ते दंतकथेत येत नाही.

१९८२ साली संगणकावर गाणे रचणे म्हणजे आजच्यासारखे पडद्यावर ठोकळे सरकवणे नव्हे. सम्नरने सुट्या भागांचा संच आणून स्वतः जोडलेला सीक्वेन्सर, ‘ओबरहाइम डीएमएक्स’ हे ड्रम मशीन, बाससाठी ‘मूग सोर्स’ सिंथेसायझर, असा हा संसार होता. ही यंत्रे एकमेकांची भाषा जाणत नव्हती. ती एका तालात चालावीत म्हणून इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या एका परिचिताकडून खास विद्युतजोडणी करून घ्यावी लागली. सूर आकड्यांत मोडून एकेक पायरीने भरावे लागत. हुकच्या आठवणीनुसार, पहिल्यांदा रचलेला सुंदर ताल मॉरिसच्या पायाने वीजतार सुटून कायमचा पुसला गेला आणि सारे पुन्हा मांडावे लागले.

गिल्बर्टने सगळे गाणे कागदावर उतरवले. एकाला एक चिकटवलेल्या कागदांची ती लांबच लांब पट्टी पाहत तिने एकेक सूर यंत्रात भरला. सुरुवातीचा एक सूर तेवढा राहून गेला. त्यामुळे ती धून तालाशी किंचित तिरकी चालते. बँडने ती तशीच ठेवली. आज कोट्यवधी लोकांच्या कानात जी गोडी आहे, तिचा काही अंश या विसरलेल्या सुराचा आहे. वेष्टणाची कथा मात्र शंभरांना ठाऊक असते आणि गिल्बर्टच्या कागदाची फार तर पाचांना. हा योगायोग नसावा.

आता ते वेष्टण. आरेखनकार पीटर सॅव्हिल मॉरिसकडे गेला असता त्याला तिथे सव्वापाच इंची फ्लॉपी डिस्क दिसली. त्या वस्तूच्या तो प्रेमात पडला. तबकडीचे वेष्टण त्याने फ्लॉपीसारखेच काळे केले, छिद्रे कापून घेतली आणि त्यांतून आतले रुपेरी पाकीट दिसेल अशी रचना केली. बँडचे किंवा गाण्याचे नाव सरळ अक्षरांत कुठेच नाही. कडेला रंगीत चौकोनांची सांकेतिक लिपी आहे. ती वाचण्याची किल्ली दिली ती थेट ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ या त्यानंतरच्या अल्बमच्या मागच्या बाजूला. देखणे काम, यात शंका नाही. पण छिद्रे कापण्याची प्रक्रिया महाग होती आणि एवढ्या खपाची अपेक्षा कोणालाच नव्हती.

७ मार्च १९८३ रोजी ‘फॅक्टरी रेकॉर्ड्स’ने ही तबकडी बाजारात आणली. ब्रिटनमध्ये ती फक्त १२ इंची आकारात निघाली. गाणे साडेसात मिनिटांचे असल्याने रेडिओला ते अडचणीचे होते, पण नृत्यगृहांना हवे तसे. मोठ्या तबकडीवर खाचांना जागा मिळते, म्हणून खालचे स्वर दणदणीत उमटतात. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या कार्यक्रमात बहुतेक जण ध्वनिमुद्रणावर ओठ हलवीत. यांनी थेट वाजवण्याचा हट्ट धरला आणि सादरीकरण फसले. तरीही गाणे १२ व्या क्रमांकापर्यंत गेले, उतरले, आणि त्याच वर्षी शरद ऋतूत पुन्हा चढून ९ व्या क्रमांकावर पोचले. उन्हाळ्याच्या सुटीत युरोपातल्या समुद्रकाठच्या क्लबांत ते ऐकून आलेल्यांनी परतल्यावर ते विकत घेतले, असे याचे कारण सांगितले जाते. पुढे नव्या आवृत्त्यांसह ब्रिटनमधला एकूण खप दहा लाखांच्या वर गेला. आजवर सर्वाधिक खपलेली १२ इंची सिंगल म्हणून तिचेच नाव घेतात.

मग तोटा? पहिल्या वेष्टणावर तो झाला असेलही. पण नंतरच्या छपाईत छिद्रे वगळून साधे वेष्टण वापरले गेले. म्हणजे ‘प्रत्येक प्रतीमागे तोटा’ हे विधान सरसकट खरे असू शकत नाही. शिवाय फॅक्टरीची रीत अशी की खर्च वजा जाता उरेल ते बँड आणि कंपनी यांत निम्मे-निम्मे. तेव्हा महागड्या कागदाचा निम्मा भार आपोआप संगीतकारांवर पडत होता. ‘कंपनीला तोटा झाला’ या वाक्यात हा दुसरा भागीदार गुपचूप गाळला जातो.

खरी गळती वेगळीच होती. २१ मे १९८२ रोजी मँचेस्टरमध्ये ‘हासिएन्डा’ नावाचा नाइट क्लब उघडला. त्याची मालकी फॅक्टरी आणि न्यू ऑर्डर यांची संयुक्त. निर्माता मार्टिन हॅनेट त्याच वर्षी फॅक्टरीविरुद्ध न्यायालयात गेला. पैसा क्लबवर नव्हे, स्टुडिओच्या उपकरणांवर खर्च व्हावा, असे त्याचे म्हणणे होते. त्याला आडमुठा ठरवणे सोपे होते. हिशेबाच्या बाबतीत तो खोटा ठरला नाही. न्यू ऑर्डरच्या तबकड्यांची मिळकत वर्षानुवर्षे त्या क्लबात जिरत राहिली. हुकने पुढे त्यावर अख्खे पुस्तक लिहिले.

या क्लबाने शहराला काही दिले नाही असे नव्हे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या हाउस संगीताचे ते एक माहेरघर झाले. पण एका शहराच्या सांस्कृतिक पुनरुज्जीवनाचे बिल चार वादकांनी भरावे आणि इतिहासाने ती टोनी विल्सन या फॅक्टरीच्या सूत्रधाराची दिलदारी म्हणून मिरवावी, यात न्याय नाही. म्हणूनच वेष्टणाची कथा सोयीची. तिच्यात हलगर्जीपणाला सौंदर्यदृष्टीचा मुलामा मिळतो. ‘ट्वेंटी फोर अवर पार्टी पीपल’ या २००२ च्या चित्रपटाने तो मुलामा आणखी चकचकीत केला.

आणखी एक तपशील. लाखोंच्या खपावर मिळणारी अधिकृत सुवर्णतबकडी त्या काळी या सिंगलला मिळाली नाही, कारण फॅक्टरी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेची सभासदच नव्हती. हाही किस्सा बंडखोरी म्हणूनच सांगतात.

नोव्हेंबर १९९२ मध्ये फॅक्टरीचे दिवाळे निघाले. ‘लंडन रेकॉर्ड्स’ ती विकत घेण्याच्या विचारात होती, पण कागदपत्रे तपासताना लक्षात आले की बँडशी रीतसर करारच झालेले नाहीत. जुन्या मुद्रणांचे हक्क कंपनीकडे नसून संगीतकारांकडेच होते. व्यवहार फिसकटला. ज्या बेहिशेबीपणाने दहा वर्षे बँडचा पैसा खाल्ला, त्यानेच शेवटी ‘ब्लू मंडे’ बँडच्या हाती ठेवले. पुढच्या वर्षी न्यू ऑर्डरचा नवा अल्बम त्याच लंडन रेकॉर्ड्सने काढला, यावेळी बँडशी थेट बोलणी करून.