मत्स्यतेलाची गोळी आणि चौविहाराचे घर

जासईहून एका श्राविकेचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे सासरे चौसष्ट वर्षांचे आहेत. तरुणपणापासून चौविहार, कंदमूळ वर्ज्य, चातुर्मासात हिरव्या भाज्यांचा त्याग. काम मालवाहतुकीच्या हिशेबाचे, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसण्याचे. वार्षिक तपासणीत कंबर ९८ सेंटिमीटर, ट्रायग्लिसराइड ३१०, एचडीएल ३६, उपाशीपोटी साखर ११२ आणि रक्तदाब १३८/८८ असे आकडे आले. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची गोळी सुरू केली. मुलाने काळजीपोटी, मित्राच्या सांगण्यावरून, ‘ओमेगा-३’ची बाटली आणली. सासरे तीन महिने रोज दोन गोळ्या घेत राहिले. मग एके दिवशी नातीने बाटलीवरचा चौकोनातला तपकिरी त्रिकोण दाखवला. ती गोळी माशाच्या तेलाची होती.

त्या दिवशी सासऱ्यांनी अन्न घेतले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळीच औषधे बंद केली, कारण ‘आता कशावर विश्वास ठेवायचा?’ घरात मुलगा आणि वडील यांचे बोलणे तुटले आहे. श्राविका विचारतात, ‘ही गोळी खरोखर इतकी आवश्यक होती का?’

ताई, आधी एक तातडीची गोष्ट. सासऱ्यांची रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी आजच डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. या दोन्ही गोळ्या कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने तयार होतात. शंका राहिलीच तर ती वरच्या कॅप्सूलच्या आवरणाची. ते बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडांचे वा कातडीचे असते. तेच औषध साध्या दाबलेल्या गोळीच्या रूपात मिळते का, हे औषधविक्रेत्याला विचारता येते, आणि बहुतेक वेळा मिळते. खाद्यपूरकांच्या बाटलीवर हिरवे वा तपकिरी चिन्ह असावेच लागते. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर ते बंधनकारक नाही. म्हणून तिथे विचारणे हाच मार्ग.

आता मूळ प्रश्न. कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब आणि साखर या पाचांपैकी तीन गोष्टी बिघडल्या की त्या अवस्थेला मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे चयापचयाच्या बिघाडाचा लक्षणसमूह, असे म्हणतात. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपर्यंत असावी, ट्रायग्लिसराइड १५०च्या आत, उपाशीपोटी साखर १००च्या आत, रक्तदाब १३०/८५ च्या आत. एचडीएल मात्र पुरुषांचे ४०च्या व स्त्रियांचे ५०च्या वर. सासऱ्यांच्या पाचही गोष्टी हद्दीबाहेर आहेत. या पाचांपैकी मत्स्यतेल किती सुधारते?

खात्रीने एकच: ट्रायग्लिसराइड. त्यातील ईपीए आणि डीएचए ही दोन मेदाम्ले यकृतातून रक्तात जाणारी चरबी कमी करतात. रोज ४ ग्रॅम मात्रा दिली तर ट्रायग्लिसराइड २० ते ३० टक्के उतरते, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ मध्ये म्हटले आहे. पण ही ४ ग्रॅमची मात्रा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाची. बाजारातल्या नेहमीच्या १,००० मिलिग्रॅमच्या गोळीत ईपीए आणि डीएचए मिळून साधारण ३०० मिलिग्रॅमच असते. बाकीचे साधे तेल. म्हणजे ती मात्रा गाठायला रोज तेरा गोळ्या हव्यात. सासरे दोन घेत होते. त्यांचे व्रत मोडले आणि औषधाची मात्राही पोटात गेली नाही.

उरलेल्या चार गोष्टींचे काय? रक्तदाब थोडासाच उतरतो. एचडीएल आणि कंबर यांवर सांगण्यासारखा परिणाम नाही. साखरेबद्दल २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ८३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, मधुमेह टाळण्यात किंवा तो आटोक्यात ठेवण्यात ओमेगा-३चा उपयोग जवळजवळ शून्य, असा त्याचा निष्कर्ष. हृदयविकार टळतो का, हे पाहण्यासाठी १५,००० हून अधिक मधुमेहींना काही वर्षे रोज १ ग्रॅमची गोळी वा तिच्यासारखी दिसणारी निष्प्रभ गोळी दिली गेली. ‘असेंड’ या नावाच्या त्या चाचणीत २०१८ मध्ये फरक आढळला नाही. त्याच वर्षी ‘रिड्यूस-इट’ या चाचणीत शुद्ध ईपीएच्या ४ ग्रॅम मात्रेने हृदयविकाराच्या घटना २५ टक्क्यांनी घटल्या, आणि मोठी आशा निर्माण झाली. परंतु तुलनेसाठी दिलेल्या खनिज तेलानेच दुसऱ्या गटाचे नुकसान झाले असावे, असा आक्षेप आला. ईपीए-डीएचए एकत्र देणारी ‘स्ट्रेंग्थ’ चाचणी तर २०२० मध्ये लाभ दिसत नाही म्हणून मध्येच थांबवावी लागली. या मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण वाढते, हेही या दोन्ही चाचण्यांत दिसले.

तेव्हा उत्तर असे की सासऱ्यांना ३१० ट्रायग्लिसराइडसाठी ही गोळी आवश्यक नव्हती. ट्रायग्लिसराइड ५००च्या पुढे गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि औषध टाळून चालत नाही. पण तिथेही फायब्रेट गटाची कृत्रिम औषधे आहेत.

काही वाचक विचारतील, शेवाळापासून काढलेले ओमेगा-३ तर शाकाहारी आहे ना? माशांनाही ते मुळात सूक्ष्म शेवाळातूनच मिळते, हे खरे. बंद टाक्यांत वाढवून काढलेल्या तेलावर हिरवे चिन्ह असते. पण आपल्या शास्त्रात शेवाळ अनंतकायात मोजले आहे, आणि ‘व्हीगन’ म्हणजे ‘जैन’ नव्हे. याचा निर्णय गुरुमहाराजांनी द्यावा, प्रायश्चित्ताचाही. अजाणता घडलेल्या गोष्टीचे ओझे सासऱ्यांनी एकट्याने वाहू नये, एवढे मात्र मी म्हणेन. आणि मुलाला बोल लावू नका. त्याने चिन्ह पाहिले नाही, ही चूक. हेतू वडिलांच्या आयुष्याचा होता.

जवस हा आपला जुना मार्ग. त्यातले ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीर त्याचा अगदी थोडाच भाग ईपीएत रूपांतरित करते, म्हणून ते मत्स्यतेलाची जागा घेईल असे सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. तरी रोज एक-दोन चमचे भाजून दळलेले जवस खावे. अख्खे दाणे न पचताच निघून जातात. विदर्भ-मराठवाड्यातल्या चटणीत लसूण असतो, तो वगळून जिरे आणि आमसूल घातले तरी ती उत्तम होते.

खरे काम मात्र ताटात आहे. आपण शाकाहारी, तेव्हा चरबी कशी वाढली, असा सासऱ्यांचा प्रश्न पत्रात आहे. ट्रायग्लिसराइड वाढवायला मांसाहार लागत नाही. साखर, मैदा, तांदूळ आणि तळलेले फरसाण पुरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात किती चरबी लपलेली असू शकते, हे त्या एका चित्राने जगाला कळले. जासईचेच पाहा. दि. बा. पाटील यांच्या या गावाभोवती एके काळी भातशेती आणि मिठागरे होती. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरची गोदामे वाढली. शेतात राबणाऱ्या आगरी शेजाऱ्यांची मुलेही आता ट्रेलरच्या नाहीतर कार्यालयाच्या खुर्चीत बसतात. मासे रोज ताटात असलेल्या त्यांच्या घरांतही मधुमेह आलाच आहे.

चौविहार ही सासऱ्यांची मोठी पुंजी आहे. लवकर जेवण्याचा लाभ विज्ञानानेही पाहिला आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका लहानशा चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांनी दुपारी तीनपर्यंत जेवण आटोपले, तेव्हा वजन न घटताही रक्तदाब आणि इन्सुलिनचे काम सुधारले. पण सूर्यास्ताच्या घाईत पुरी, शिरा आणि शेव पोटभर खाल्ली, तर त्या पुंजीचे व्याज मिळत नाही. संध्याकाळच्या ताटात मूग वा मटकीची डाळ अर्धी, पोळी दोन, भात नाही, असा क्रम ठेवा. जेवणानंतर अर्धा तास चालणे हवे. जासईच्या मुख्य रस्त्यावर ट्रेलर धावतात, तिथे नको; इमारतीच्या आवारात फेऱ्या घालाव्यात.

याज्ञिकांच्याच पुण्यातील अभ्यासांतून शाकाहारी घरांतली एक वेगळी उणीव पुढे आली आहे, ती बी-१२ची. सासऱ्यांना पुढे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दिले गेले तर ती आणखी वाढेल. ओमेगा-३च्या बाटलीवर खर्च झालेले पैसे या एका तपासणीला लावले असते तर अधिक उपयोग झाला असता. बी-१२ सूक्ष्मजंतूंकडून तयार करून घेतात. तेव्हा त्याच्याही आवरणाची चौकशी करा.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी, बारा तास उपाशी राहून करावी. पर्युषण मध्ये येत असेल तर अठ्ठाईच्या पारण्यानंतर लगेच रक्त देऊ नका. उपवास आणि पारण्याचे तूप-गोड या दोन्हींनी आकडे फिरतात, दोन-तीन आठवडे जाऊ द्या. उपवासात रक्तदाबाच्या गोळीचे काय करायचे, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि अहवाल आला की मला कळवा.