पेटी माळ्यावर जाते तेव्हा

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या घरात पेटी माळ्यावर टाकण्याची भाषा सुरू झाली. नात सात वर्षे गाणे शिकते आहे. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात, ते तिला मिळाले. तिच्या आईच्या लेखी गाण्याचे काम झाले. नात मात्र म्हणाली, "आजोबा, अकरावीला मी संगीत हा विषयच घेणार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. निवृत्त बँक अधिकारी, म्हणजे व्यवहाराचे दोन शब्द हा माणूस सांगेलच! ते शब्द मी पूर्वी एकदा सांगितले आहेत, याच मुलीच्या आईला. "आधी डिग्री, मग गाणे." डिग्री झाली, नोकरी लागली, गाणे राहिले. म्हणून या वेळी मी गप्प बसलो आणि विचार करू लागलो.

कुणी म्हणेल, गाणे गुरूकडे शिकावे, वर्गात नव्हे. या आक्षेपाला उत्तर देऊन शंभर वर्षे उलटली. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि घराण्यांच्या उंबऱ्याआड असलेली विद्या सामान्यांच्या मुलांपुढे ठेवली. पं. भातखंडे तर पेशाने वकील. वकिली बाजूला ठेवून ते गावोगाव हिंडले, बंदिशी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग सिद्ध केले. वर्गात बसून गवई होत नाही, हे खरे. पण बारावीला भौतिकशास्त्र घेणारा प्रत्येक मुलगा तरी कुठे शास्त्रज्ञ होतो?

दुसरा आक्षेप : यात अभ्यास तो काय? मी नातीलाच विचारले. तिने बोटांवर हिशेब मांडला. पाच मात्रांचा तुकडा तीनदा घ्यायचा, मध्ये दोन ठिकाणी एकेक मात्रा थांबायचे. झाल्या सतरा. सोळा मात्रांच्या तीनतालात समेवरून निघालात तर शेवटची मात्रा बरोबर पुढच्या समेवर! आयुष्यभर आकडेमोड केलेला मी चाट पडलो. मग तिने तानपुरा जुळवला आणि म्हणाली, "खर्जाची तार नीट ऐका." गंधाराची तार तानपुऱ्याला नव्हती, तरी गंधार ऐकू येत होता. याला स्वयंभू गंधार म्हणतात. हे भौतिकशास्त्रच की!

शेवटी तिने भूप आणि देसकार म्हणून दाखवले. स्वर तेच पाच. भूपात वजन गंधारावर, देसकारात धैवतावर. आणि चेहरामोहरा पार निराळा. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतला फरक ओळखणे, हेच तर शिक्षण. आणि ते सोळा-सतराव्या वर्षीच पक्के होते, नेमके आपण पेटी माळ्यावर टाकतो तेव्हा.

पोटाचा प्रश्न खोटा नाही. या विद्येवर घर चालवणे अवघड आहे, हे मी नातीला स्पष्ट सांगितले. बारावीच्या विषयांत संगीत असले तरी ते शिकवणारे कॉलेज जवळपास सापडेलच असे नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत पाडण्याची गोष्ट केली आहे. शिक्षक नेमल्याशिवाय ती भिंत पडायची नाही, आणि आईबापांनी विषय मागितल्याशिवाय शिक्षक नेमले जायचे नाहीत. ज्या विद्येचे आपण गुण तेवढे घेतो आणि तास मात्र देत नाही, ती वाढणार कशी?

फॉर्म अजून भरलेला नाही. पेटीही अजून खालीच आहे. परवा रात्री उशिरा मला भात्याचा आवाज आला. कुणीतरी चाचपडत भूप शोधत होते. नात केव्हाच झोपली होती.