गिऱ्हाइकाची वही कुणाच्या हाती?

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात ‘प्राडा’नं थेट आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल फॅशन शोमध्ये आणली आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही, तेव्हा आपण सगळ्याच किती चिडलो होतो! २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चप्पल ती. पुढं कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा इथल्याच कारागिरीची. जुलैमध्ये तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला. दोन हजार जोड, आणि एका जोडाची किंमत आठशे युरोच्या आसपास. म्हणजे ऐंशी हजारांच्या वर!

भांडण नावाचं होतं, ते रास्तच होतं. पण मला त्या दिवसांत वेगळाच प्रश्न पडला होता. कोल्हापुरीची विक्री वाढल्याच्या बातम्या येत होत्या, देशभर लोक खरी कोल्हापुरी कुठं मिळते म्हणून शोधत होते. आणि वर्षानुवर्षं अंबाबाईच्या दर्शनाला येऊन चप्पल लाईनमधून जोड घेऊन गेलेली पुण्या-मुंबईची, बेंगळुरूची, पार परदेशातली गिऱ्हाइकं? ‘तुम्ही घेतलीत ती अस्सल, हवी असेल तर पुन्हा पाठवतो’ असं त्यांना कळवायचं म्हटलं, तर त्यांचे पत्ते कुणाकडं होते? पावती फाडली, पिशवी दिली, व्यवहार संपला. पायाचं माप आठ नंबर हे विकणाऱ्याला ठाऊक, पण त्या पायाचा मालक कोण ते ठाऊक नाही.

याच दुखण्यावर हल्ली ‘ई-मेल मार्केटिंग’ नावाचं औषध विकलं जातंय. मैत्रिणींनो, हा विषय आपला नाही असं समजू नका. आमच्या भागातल्या एका बचत गटाकडं मागं एक तरुण आला होता. गट कांदा-लसूण चटणी आणि मसाले करतो. हा म्हणाला, पन्नास हजार ई-मेल पत्ते देतो, जाहिरात आम्हीच पाठवतो, तुम्ही फक्त पैसे भरा. बायका आकड्यानं भारावल्या. तेवढ्यात मागं बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “त्यातल्या कितीजणांनी आपली चटणी खाल्लीया?” पोरगं गप्प!

या धंद्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच आहे. विकत घेतलेले पत्ते म्हणजे ओळख ना पाळख असलेल्या घरात शिरून डबा उघडणं. समोरचा माणूस ते पत्र ‘स्पॅम’मध्ये ढकलतो आणि त्याची नोंद पाठवणाऱ्याच्या नावावर होते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं नियम कडक केलेत. दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्यांनी आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करायची, पत्रं बंद करायची सोय एका क्लिकवर द्यायची आणि तक्रारी हजारात तीनच्या आतच ठेवायच्या. पन्नास हजार अनोळखी माणसांत किती तक्रारी होतील, हिशेब करा. मग खऱ्या गिऱ्हाइकाला लिहिलेलं पत्रही कचऱ्यात जायला लागतं.

आता कुणी म्हणेल, ई-मेल कशाला, व्हॉट्सअ‍ॅप आहे की! बरोबर आहे. राजारामपुरीतल्या गिऱ्हाइकाला ‘उद्या ताजी चटणी होणार’ हे सांगायला ई-मेल म्हणजे नाकासमोरच्या घराला रजिस्टर पोस्टानं पत्र धाडण्यासारखं. तिथं व्हॉट्सअ‍ॅपच हवं. पण त्याचीही मर्यादा आहे. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. मोठ्या प्रमाणावर पाठवायचं तर जाहिरातीच्या दर संदेशाला पैसे. एसएमएसचं तर आणखी वेगळं. ‘ट्राय’च्या नियमांप्रमाणं आधी नोंदणी, मग मजकुराचा नमुना मंजूर, मगच संदेश.

ई-मेल कामाला येतो तो लांबच्या आणि क्वचित घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. वर्षातून एकदा चप्पल घेणारा, दिवाळीला पन्नास डबे चटणी मागवणारी पुण्याची कंपनी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ दरसाल मागवणारं मुंबईचं घर. अशा माणसाला रोज ‘गुड मॉर्निंग’ नको असतं. वर्षातून तीन-चार पत्रं, पण वेळेवर.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि तिथं लाखो चाहते जमवलेल्या माणसांचे चाहते एका रात्रीत गेले. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण दुसऱ्याच्या अंगणात मांडलेली चूल ती! पत्त्यांची यादी मात्र आपल्या वहीत असते. कंपनी बदलली तरी गिऱ्हाईक जात नाही. म्हणून सेवा निवडताना पहिली चौकशी हीच करा, की यादी मला हवी तेव्हा पूर्ण उतरवून घेता येईल का? ‘ते आमच्याकडंच राहील मॅडम’ असं कुणी म्हणालं, तर चहा पाजून वाटेला लावा.

मग येतो पैशाचा प्रश्न. इथं दोन पद्धती आहेत आणि विकणारा त्या फोड करून सांगत नाही. अमेरिकेची मेलचिंप यादीत माणसं किती यावर पैसे घेते, आणि पत्रं नकोत म्हणून बाहेर पडलेली माणसंही बाजूला काढून ठेवली नाहीत तर मोजते. फ्रान्सची ब्रेव्हो (पूर्वीची सेंडिनब्लू) पत्रं किती गेली यावर घेते. आपल्या देशातली झोहो कँपेन्स आहे, तिचे पैसे रुपयांत भरता येतात. डॉलरचं कार्ड कुणाचं वापरायचं यावरून गटात होणारी कुजबुज त्यानं टळते, हा काही छोटा फायदा नाही. तिन्हींचा थोडा वापर फुकट करता येतो, पण फुकटाच्या मर्यादा बदलत असतात, त्या दिवशीच्या पाहाव्यात.

ज्यांचा धंदा दिवाळीपुरता, त्यांना माणशी दर महाग पडतो. वर्षभर यादी नुसती पडून राहते आणि मीटर चालूच! त्यांनी पत्रांच्या संख्येवर पैसे घेणारी सेवा पाहावी. उलट यादी लहान आणि पत्रं दर आठवड्याला, तर माणशी दर परवडतो. आणि यादीच दोनशे जणांची असेल तर? काहीच विकत घेऊ नका. साध्या जीमेलवरून दिवसाला पाचशे जणांपर्यंत पत्र जातं. फक्त सगळ्यांचे पत्ते ‘टू’च्या रकान्यात घालू नका, ‘बीसीसी’त घाला, नाहीतर एकीचा पत्ता सगळ्या गावाला कळतो. नकोत म्हणणारीचं नाव मात्र हातानं, त्याच दिवशी काढायचं.

सेवेच्या आधी एक खर्च करावा असं मी सुचवेन. धंद्याच्या नावाचा स्वतःचा पत्ता, म्हणजे डोमेन. वर्षाला काहीशे ते हजार-बाराशे रुपयांत मिळतं. फुकटच्या जीमेल पत्त्याच्या नावानं दुसऱ्या कंपनीतून पत्रं पाठवली, तर ती अडकण्याचीच शक्यता जास्त. आणि ते डोमेन गटाच्या किंवा मालकिणीच्या नावावर नोंदवा, करून देणाऱ्या पोराच्या नावावर नको. घराचा सातबारा कुणी शेजाऱ्याच्या नावावर करतं का?

परवानगीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. मुद्दा साधा आहे. माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यायची आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं ठेवायचं. हळदी-कुंकवाच्या वहीतले नंबर उचलून जाहिरातीला वापरणं यात बसत नाही, मग ती वही आपल्याच मंडळाची का असेना.

त्या चटणीच्या गटानं पन्नास हजार पत्ते घेतले नाहीत. प्रदर्शनाच्या टेबलावर दोनशे पानी वही ठेवली. नाव, गाव, ई-मेल, काय घेतलं, आणि शेवटचा रकाना ‘दिवाळीआधी कळवू का?’ ज्यांनी ‘हो’ लिहिलं त्यांचीच यादी करायची ठरलंय. पहिल्या प्रदर्शनात एकशे अठरा नावं आली. अक्षर न लागणारे सात पत्ते सोडून बाकीचे गटातल्या एकीची बारावीतली मुलगी संगणकावर चढवतेय.