सुतारबाबा गेले, साक्ष राहिली पाहिजे



आमच्या पाड्याचे सुतारबाबा पावसाच्या तोंडाला गेले. शाळेची पायरी चढले नव्हते, पण नांगर, जू, दाराची चौकट, घराची मेढ, सगळं त्यांच्या हातचं. मजुरी म्हणून सुगीला दोन पायली भात. काम नसलं की रानात. मधाचं पोळं कुठल्या कड्याला, उन्हाळ्यात पाणी कुठल्या झऱ्याला, हे त्यांनाच विचारायचं. उभं झाड तोडण्याआधी वाऱ्यानं पडलेलं शोधायचे. तरी जंगलचोर ठरवून एकदा त्यांची हत्यारं उचलून नेली. वाकस, पटाशी, करवत, सगळं. पावतीसुद्धा दिली नाही.

हे आम्ही नुसतं रडायला लिहीत नाही. कोणाच्या घराची मेढ कुठल्या साली रोवली, कुठल्या दळीवर कोणाचा नांगर पहिला चालला, बाबांना तोंडपाठ होतं. कारण नांगर त्यांनीच केला होता. वन हक्क कायदा २००६ सांगतो, आदिवासीची कसवणूक १३ डिसेंबर २००५ च्या आधीची पाहिजे. नियम १३ प्रमाणे दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा आहे. घर, बांध, विहीर हाही पुरावा आहे. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, पण अमुकच कागद आणा असा हट्ट वरच्या समितीला धरता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीत तसं स्पष्ट लिहिलं आहे.

बाबांनी कितीतरी जणांसाठी जबाब दिले, अंगठे उठवले. त्यांचा स्वतःचा दावा मात्र तालुक्याला पडून राहिला. ती जमीन आजीनंही तितकीच कसली. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असतो. म्हणून आता आजीला पुढे करून आम्ही त्या दाव्याच्या मागे लागणार.

पण ज्या घरांसाठी बाबांचा जबाब घ्यायचा राहिला, त्यांचं काय? म्हातारं माणूस गेलं की अख्ख्या पाड्याचं दप्तर जातं. पाड्यापाड्यातल्या पोरांनो, दहावी-बारावी शिकलात ना? मग वही घ्या. सुतार, भगत, सुईण, जुने गुराखी, एकेकाजवळ बसा. त्यांच्याच बोलीत लिहा, वाचून दाखवा, अंगठा घ्या, वन हक्क समितीकडे द्या, एक प्रत पाड्यात ठेवा. भातकापणीची वाट पाहू नका.

बाबांना आमचा जोहार!