रुप्याचे नाणे आणि खडीचा ढीग

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली म्हणून 1972 साली मध्यवर्ती सरकारने दहा रुपयांचे स्मारक-नाणे पाडले. वजन साडेबावीस ग्रॅम, त्यात निम्मी चांदी. त्याच वर्षी पावसाने पाठ फिरविली आणि तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या जालना, अंबड, भोकरदन या तालुक्यांतील शेतकरी बायकामुलांसह खडी फोडावयास गेला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लक्ष माणसे राबत होती. सरकारने त्या वर्षी वीस रुपयांचे आणखी एक रुपेरी नाणे काढले आणि त्यावर अधिक अन्न पिकविण्याचा उपदेश कोरला. ज्याची विहीर आटली त्याला हा उपदेश!

एवढ्याशा चांदीने कितीशा चुली पेटल्या असत्या, असे कोणी विचारील. हिशेब आम्हालाही येतो. आमची तक्रार खर्चाची नाही. राज्यसंस्था आपले वय टांकसाळीत मोजते, खडीच्या ढिगाऱ्यापाशी मोजत नाही, ही आमची तक्रार आहे. त्या ढिगाऱ्यावरच्या माणसांनी भीक मागितली नाही, काम मागितले. त्यांच्या रेट्यामुळेच 1977 साली विधिमंडळाला रोजगार हमीचा कायदा करावा लागला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. दुष्काळाचे स्मारक म्हणावयाचे तर ते हे.

पुढे अर्धशतक लोटले. 28 मे 2023 रोजी नव्या संसद भवनाच्या उद्‌घाटनप्रसंगी स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचे 75 रुपयांचे नाणे निघाले : 35 ग्रॅम, पुन्हा निम्मी चांदी. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. 31 ऑक्टोबरला राज्य सरकारने ज्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत भोकरदन, बदनापूर, अंबड, मंठा आणि जालना होतेच. रोजगार हमीची मजुरी तेव्हा दिवसाला 273 रुपये होती. नाण्यातील साडेसतरा ग्रॅम चांदीच बाजारभावाने चार दिवसांच्या मजुरीहून महाग. तेही संग्राहकाच्या मखमली डबीत जाऊन बसणार.

पुढच्या महोत्सवाला मंत्रिमहोदय जालन्यास येतील तेव्हा कार्यकर्त्यांनी व्यासपीठासमोर उभे राहून त्यांना विचारावे : या तालुक्यात काम किती जणांनी मागितले, मिळाले किती जणांना, आणि मजुरी हातात पडली ती कोणत्या तारखेस?