तीर्थयात्रेची घाई आणि देहाचे पथ्य

आज अक्षय्यतृतीया. परंपरेने याच पर्वावर हिमालयातील यमुनोत्री व गंगोत्री येथील मंदिरांची कपाटे उघडतात आणि त्याच सुमारास केदारनाथ व बदरीनाथ यांची दर्शनेही सुरू होतात. महाराष्ट्रातील अनेक घरांतून या दिवसांत यात्रेची बांधाबांध चालू असते. अशा मंगल दिनी एक कटु विषय काढणे प्राप्त आहे. सन २०२२ च्या चारधाम यात्रेत दोनशेहून अधिक भाविकांचे निधन झाले. त्यांतील बहुतेकांचा अंत दरडीने वा अपघाताने नव्हे, तर हृदयविकार व प्रकृतीच्या अन्य तक्रारींमुळे झाला. देवाच्या दारी मरण आले हे भाग्यच, असे म्हणून आपण स्वस्थ बसावे काय?

कारणांचा शोध घेऊ. आपले पूर्वज हरिद्वाराहून पायी निघत. दर मजलेस एखाद्या चट्टीवर मुक्काम करीत आणि दोन आठवडे तरी चालून केदारी पोहोचत. त्या संथ चढणीत देहास विरळ हवेची सवय होत असे. आज हरिद्वाराची ३०० मीटरची उंची सोडून यात्रेकरू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केदारनाथच्या सुमारे ३,५८० मीटरवर असतो. हेलिकॉप्टरने तर शेवटचा टप्पा काही मिनिटांचाच उरला आहे. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच. वाहनाने पायांचे कष्ट वाचविले खरे. परंतु देहाला लागणारे दिवसही हिरावून घेतले.

म्हणूनच उत्तराखंडच्या आरोग्य खात्याने यात्रा किमान सात दिवसांची आखावी, असे सुचविले आहे. वाटेत मुक्काम करावा, चढताना थांबत जावे, पाणी वरचेवर प्यावे. रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनी निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही उंचीच्या बाधेची पहिली लक्षणे; ती दिसताच पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर वैद्यकीय मदत मागवून रुग्णास विनाविलंब खाली न्यावे. अशा वेळी ‘दर्शन घेऊनच उतरू’ हा हट्ट घातक होय.

येथे काही भाविक विचारतील, ‘बुवा, उपवासात औषध घेतल्यास व्रत भंगत नाही काय?’ कीर्तनानंतर हा प्रश्न आम्हांस वारंवार पुसला जातो. आपल्या धर्मशास्त्राने व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळे, फळे व दूध यांच्या पंक्तीला औषधही बसविले आहे. तेव्हा यात्रेत गोळी चुकविणे ही निष्ठा नव्हे. ते शास्त्राचे अज्ञान होय. महाभारताच्या वनपर्वातही, ज्याचे हात, पाय आणि मन संयमित आहेत त्यालाच तीर्थाचे फळ लाभते, असा अभिप्राय आहे. पायांचा संयम म्हणजे आपली शक्ती ओळखून पाऊल टाकणे, असाही बोध त्यातून आपण घ्यावा.

अखेरची विनंती तरुण मुलासुनांस. वृद्ध मातापित्यांना यात्रेस पाठविता, हे मोठे पुण्यकर्म. परंतु तिकिटे काढताना चार दिवसांत चारही धामे उरकण्याचा बेत आखू नका. त्यांच्या थैलीत औषधे व ऊबदार वस्त्रे घाला, सोबतीला एक सावध माणूस द्या आणि वाटेत विसाव्याचे दिवस राखून ठेवा. एखादे वर्षी अर्ध्या वाटेवरून परतावे लागले, तरी खंत करू नये. कपाटे पुढच्या वर्षी पुन्हा उघडतील. आईवडील सुखरूप घरी परतावेत आणि गंगाजलाची कुपी त्यांच्याच हस्ते देवघरात ठेवली जावी, यातच यात्रेची सांगता आहे.