शीतयुद्धात आपलं काय गेलं?

मागच्या महिन्यात इतिहास शिकवणारे आमचे सहकारी रजेवर होते, म्हणून नववीचा एक तास माझ्याकडे आला. मी भाषेचा शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण रिकामा तास मिळाला की मुले डबे उघडतात, त्यापेक्षा पुस्तक उघडलेले बरे, या विचाराने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घडामोडींचा धडा काढला. अमेरिका, रशिया, नाटो, वॉर्सा करार, बर्लिनची भिंत, क्यूबा, सगळे फळ्यावर लिहून झाले. मुलांनी वह्यांत उतरवूनही घेतले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, ते दोघं तिकडं भांडत होते. ह्याच्यात आपलं काय गेलं?"

वर्ग हसला. घंटाही झाली. पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. सोयगावसारख्या तालुक्याच्या गावात बसून वॉशिंग्टन आणि मॉस्कोच्या भांडणाचा हिशेब कोण मांडणार? आमच्या तालुक्यात अजिंठ्याची लेणी आहेत, म्हणून जग आमच्याकडे येते. आम्ही जगाकडे फारसे जात नाही. तरी त्या मुलाला उत्तर द्यायला हवे. वर्गात देता आले नाही, ते इथे देतो.

पहिले उत्तर पोटाचे आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा, ते परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीबद्दल सांगतील. त्याआधी अमेरिकेचा गहू यायचा, पीएल-४८० या नावाच्या कायद्याखाली. १९६५-६६ मध्ये देशात अन्नाची टंचाई होती तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी हा गहू मुद्दाम थोडा थोडा, हात आखडून पाठवला. त्यामागे कारणे अनेक होती. त्यातले एक हे, की व्हिएतनामच्या युद्धावर भारत टीका करतो, याचा त्यांना राग होता. म्हणजे आपल्या तोंडात घास कधी जाणार हे, त्याच तोंडातून शब्द कोणता निघतो यावर पाहिले जात होते. भुकेल्या माणसाचे स्वातंत्र्य किती पातळ असते, हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडत नाही.

पण माझा विषय भाषा आहे, म्हणून मी शब्दांकडे येतो. शीतयुद्धात सर्वांत जास्त नासाडी झाली ती 'स्वातंत्र्य' या शब्दाची.

अमेरिका स्वतःला 'मुक्त जग' म्हणवून घ्यायची. त्याच मुक्त जगात पॉल रोबसन या कृष्णवर्णीय गायकाचा पासपोर्ट १९५० मध्ये काढून घेतला गेला आणि तो परत मिळायला १९५८ उजाडले. 'तू कम्युनिस्ट आहेस का, होतास का' एवढ्या प्रश्नावर लेखकांच्या, शिक्षकांच्या, सिनेमावाल्यांच्या नोकऱ्या गेल्या. रशिया शांततेच्या आणि शोषणमुक्तीच्या घोषणा द्यायचा. त्याच रशियाचे रणगाडे १९५६ मध्ये हंगेरीत घुसले आणि १९५८ मध्ये बोरिस पास्तरनाक यांना मिळालेला नोबेल पुरस्कार नाकारायला लावला गेला. दोघांनीही आरसा दुसऱ्याच्या तोंडासमोर धरला, स्वतःच्या नाही.

हे झाले तिकडचे. आता इकडे येऊ.

बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणीच्या दारात, चाळीच्या चौकात हजारो माणसे त्यांच्या आवाजासाठी थांबायची. मोरारजी देसाई गृहमंत्री असलेल्या मुंबई सरकारने या कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. एक मातंग समाजातला लेखक, एक मुसलमान शाहीर आणि हातात डफ! सरकारला यात मॉस्को दिसत होते. समोर बसलेल्या कामगाराला मात्र स्वतःचे घरभाडे आणि पगार दिसत होता.

आपल्या उर्दूच्या तरक्कीपसंद शायरांचेही तेच झाले. अली सरदार जाफरी १९४९ मध्ये पकडले गेले आणि नाशिकच्या तुरुंगात राहिले. मजरूह सुलतानपुरी यांनी नेहरूंवर टीका करणारी नज्म वाचली. माफी मागा, सोडून देतो, असे त्यांना सांगितले गेले. त्यांनी माफी मागितली नाही, तुरुंग पत्करला. आज त्यांची सिनेमाची गाणी लग्नाच्या मंडपात वाजतात, तेव्हा हे कुणाला आठवत नाही.

इथे कुणी म्हणेल, कम्युनिस्ट पक्षाने १९४८ मध्ये सशस्त्र उठावाची भाषा केली होती, मग सरकारने काय हातावर हात ठेवून बसायचे? प्रश्न योग्य आहे. बॉम्ब फेकणाऱ्याला पकडणे हे सरकारचे कामच आहे. पण नज्म हा बॉम्ब नव्हे आणि डफ ही बंदूक नव्हे. या दोन्हींतला फरक जो पुसतो, तो स्वातंत्र्याला हात घालतो, मग तो गांधी टोपी घालणारा का असेना.

पण फक्त सरकारला दोष देऊन मला सुटता येणार नाही. मे १९४९ मध्ये आपल्या भिवंडीत तरक्कीपसंद लेखकांची परिषद भरली. विणकरांचे शहर, उर्दू बोलणारी वस्ती, समोर मोठमोठे अदीब. आणि तिथे जाहीरनामा कोणता निघाला? जो आमच्या वाटेने लिहीत नाही तो प्रतिगामी, या अर्थाचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लाहोरला तिथल्या तरक्कीपसंदांनी मंटो आणि इतर काही लेखकांवर बहिष्काराचा ठराव केला. ज्या मंटोला सरकार अश्लीलतेच्या खटल्यांत कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावत होते, त्यालाच त्याच्या जुन्या दोस्तांनी दाराबाहेर काढले. तुरुंगात जाणारे आणि दार लावून घेणारे एकाच चळवळीतले होते. जगाचे दोन तंबू झाले की मधल्या जागेत उभ्या असलेल्या माणसावर दोन्हीकडून दगड येतात.

आता कायद्याचे पाहू. रोमेश थापर मुंबईतून 'क्रॉस रोड्स' नावाचे डाव्या विचारांचे साप्ताहिक काढत. मद्रास सरकारने ते आपल्या प्रांतात यायला बंदी केली. दिल्लीत संघाच्या विचारांच्या 'ऑर्गनायझर'वर सरकारने आधी तपासणी करून घेण्याची सक्ती केली. दोन्ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २६ मे १९५० या एकाच दिवशी न्यायालयाने दोघांच्याही बाजूने निकाल दिला. लाल साप्ताहिक आणि भगवे साप्ताहिक, दोघांना एकाच कलमाने वाचवले. मला हा दिवस आपल्या लोकशाहीचा एक सुंदर दिवस वाटतो. शाळेत झेंडावंदनाला सांगावा असा.

पण पुढच्याच वर्षी, जून १९५१ मध्ये, घटनेत पहिली दुरुस्ती झाली. भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालायची नवी कारणे आली : सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी आणि 'परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध'. या निर्बंधांना 'वाजवी' हा शब्द जोडला गेला, हेही सांगितले पाहिजे. तेवढी खिडकी उघडी राहिली. हे सगळे एकट्या शीतयुद्धाने केले असे मी म्हणणार नाही. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, पाकिस्तानशी युद्ध करा अशी भाषा होत होती. तरी जगात कोण कुणाचा मित्र, याचा आपल्या बोलण्याशी संबंध जोडला गेला, तो तेव्हापासून.

दुसऱ्या बाजूचीही गोष्ट ऐका. १९५१ मध्ये मुंबईत सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या नावाने परिषद भरली. मिनू मसानी त्यात पुढे होते. पुढे १९५५ मध्ये 'क्वेस्ट' हे नियतकालिक निघाले. संपादक होते कवी निसिम इझिकेल, मुंबईच्या बेने इस्राएल समाजातले. अंक चांगले निघत. पण १९६६-६७ मध्ये उघड झाले की ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आधारावर हे चालले होते तिला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा, सीआयएचा, पैसा मिळत होता. लिहिणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. पैसा लपवला म्हणून त्यातला प्रत्येक लेख खोटा ठरत नाही. पण स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगणाऱ्याने आपला अन्नदाता लपवावा, ही वाचकाची फसवणूक होती. त्याची किंमत प्रामाणिक माणसांनी मोजली. तेव्हापासून उदारमतवादी म्हटला की 'हा अमेरिकेचा' हे वाक्य तयारच असते.

मग आली आणीबाणी. २५ जून १९७५ च्या रात्री सगळ्यांचे खरे रंग दिसले. जनतेचे राज्य म्हणणाऱ्या सोव्हिएत रशियाने आणीबाणीला पाठिंबा दिला. कॉम्रेड डांगे यांच्या पक्षानेही दिला. इंग्रजांच्या तुरुंगात वर्षे काढलेल्या डांग्यांच्या पक्षाने! इंदिराबाई 'परकीय हाता'बद्दल बोलत होत्या आणि सुमारे एकोणीस महिने कैदेत बसले होते मोरारजी देसाई, शाहिरांच्या डफावर बंदी आली तेव्हाचे गृहमंत्री. अमेरिकेच्या पैशाचा डाग लागलेल्या 'क्वेस्ट'ने सेन्सॉरपुढे मान न झुकवता प्रकाशन थांबवले. मसानी 'फ्रीडम फर्स्ट'साठी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये सेन्सॉरच्या विरुद्ध जिंकले. आणि कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत बोलल्या. त्या वॉशिंग्टनच्या नव्हत्या आणि मॉस्कोच्याही नव्हत्या. त्यांनाही पुढच्या वर्षी अटक झाली.

या यादीतून मी एक धडा घेतो. माणूस कुठल्या तंबूतला आहे यावरून तो स्वातंत्र्याच्या बाजूने उभा राहील की नाही, हे कळत नाही. वेळ आल्यावरच कळते.

शेवटचे उदाहरण शिक्षक म्हणून माझ्या काळजाला लागते. १९७९ च्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्यांच्याशी लढणाऱ्यांना अमेरिकेने पाकिस्तानमार्फत शस्त्रे दिली, हे सगळ्यांना माहीत आहे. पुस्तकेही दिली, हे फार थोड्यांना माहीत आहे. अमेरिकी सरकारच्या पैशातून, नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा इथल्या केंद्राने अफगाण मुलांसाठी पश्तू आणि दरी भाषेत पाठ्यपुस्तके तयार केली. त्यांत मुले बंदुका आणि गोळ्या मोजून गणित शिकत होती. मी बी.एड. करताना शिकलो की मुलाला बेरीज शिकवायची तर चिंचोके घ्या, खडे घ्या, त्याच्या ओळखीची वस्तू घ्या. तिथे कुणीतरी सुशिक्षित माणसाने बसून ठरवले, की या मुलाची ओळखीची वस्तू काडतूस असावी. रशियन गेले, अमेरिकनांचे लक्ष उडाले, पण ती पुस्तके वापरात राहिली. आणि नंतर त्याच जगाने आम्हाला विचारले, तुमच्या लोकांत एवढा हिंसाचार कुठून येतो? आमच्या आतल्या चुका मी झाकणार नाही. त्या आहेत. पण त्या पुस्तकांची छपाई कुणाच्या पैशाने झाली, हेही त्याच वहीत लिहा.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. काय गेले आपले? मला वाटते, सर्वांत मोठे नुकसान हे झाले की माणसाचे म्हणणे ऐकण्याआधी तो कुणाचा आहे हे विचारायची सवय आपल्याला लागली. शीतयुद्ध संपून तीस वर्षांहून जास्त झाली, सोव्हिएत संघ नकाशावर नाही, पण ही सवय तशीच आहे.

मी स्वतः ती भोगली आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या समाजातल्या एका रूढीविरुद्ध मी लिहिले. ओळखीच्या एका बुजुर्गांनी मशिदीबाहेर हसत विचारले, "मास्तर, किती मिळाले?" त्यानंतर थोड्याच दिवसांनी सरकारच्या एका निर्णयाबद्दल मी चारचौघांत नाराजी दाखवली. दुसऱ्या एका परिचिताने विचारले, "तुम्हा लोकांना पैसा येतो कुठून?" दोघे एकमेकांच्या सावलीलाही उभे राहणार नाहीत. पण प्रश्न दोघांचा एकच होता. माझा पगार ट्रेझरीतून येतो आणि तो नेहमी उशिरा येतो, हे मी दोघांनाही सांगितले. हसण्यावारी नेले. पण त्या रात्री झोप लागली नाही.

'परकीय हस्तक' हा शिक्का काल कम्युनिस्टावर होता, परवा उदारमतवाद्यावर होता, आज तो बहुतेक वेळा मुसलमानावर बसतो. म्हणून आपण तरी तो दुसऱ्यावर मारू नये. आपल्यातला कुणी प्रश्न विचारतो तेव्हा 'हा त्यांचा माणूस' म्हणून त्याला बाहेर काढणे, हे भिवंडीचा जाहीरनामा पुन्हा लिहिण्यासारखे आहे. आपल्याला न्याय हवा असेल तर २६ मे १९५० ची आठवण ठेवावी लागेल. ज्याचे विचार आपल्याला अजिबात पटत नाहीत, त्याच्याही लिहिण्याच्या हक्कासाठी बोलावे लागेल. हे अवघड आहे, मला माहीत आहे. मलाही ते दर वेळी जमत नाही.

त्या मुलाला मी पुढच्या तासाला एवढेच सांगितले, "बाळ, उत्तर मोठं आहे. पण आधी अमर शेख कोण होते ते शोधून आण." दोन दिवसांनी तो आला. आजोबांना विचारले, म्हणाला. आजोबांनी त्यांचा आवाज ऐकलेला होता. आजोबा काय म्हणाले, असे मी विचारले. "म्हणाले, लाउडस्पीकर नसला तरी मागपर्यंत ऐकू यायचं."